दिवसा ठरवायच्या गोष्टी : आईचे शेवटचे ४१ दिवस आणि तिच्याजवळचा मुलगा

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. शेवटच्या आठवड्यांची शुश्रूषा घरी करताना किनाऱ्यावरच्या गावांत जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एका घराच्या आधाराने मांडलं आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. औषधांच्या मात्रा या एका रुग्णाचं वजन आणि तिच्या मूत्रपिंडांची अवस्था पाहून ठरवलेल्या आहेत. दुसऱ्या कुणासाठी त्या जशाच्या तशा उचलू नयेत.

परिस्थिती

राजापूर तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. जून संपत आलेला. आई ७४ वर्षांची, वजन ३७ किलो. दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी मुंबईला शेक (रेडिएशन) आणि केमो झालं होतं. आता ओटीपोटात गाठ परत आली होती आणि मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या दोन्ही नळ्या तिने दाबून टाकल्या होत्या. रक्तातलं क्रिएटिनिन २.४, म्हणजे मूत्रपिंडं बरीच मंदावलेली. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालायची, म्हणजे नेफ्रोस्टॉमी. त्याने लघवीला वाट मिळते आणि आयुष्य काही आठवडे, कधी काही महिने लांबतं. पण गाठ, दुखणं, अंगावरून जाणं तसंच राहतं. शिवाय नळी ठरावीक काळाने बदलावी लागते आणि निसटली तर लगेच रुग्णालय गाठावं लागतं. दुसरी वाट घरची. आईने एकच विचारलं, "नळी घातली तर गाठ जाईल?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग घरी चला."

घरी मुलगा. वय ४८, लग्न झालेलं नाही, साठेक हापूसची कलमं आणि थोडी भातशेती. मोठा भाऊ डोंबिवलीला. बहीण लांज्याला दिलेली, तिच्या सासूबाई अंथरुणाला. म्हणजे आईला उठवणं, भरवणं, पुसणं हे सगळं एका पुरुषमाणसावर आलं, आणि आजार असा, की त्याबद्दल आईनेच त्याच्याशी कधी मोकळेपणी बोललेलं नाही.

या ४१ दिवसांत चार रात्री फार वाईट गेल्या. चारही वेळा अडचण रात्री दोनच्या सुमारास वर आली आणि चारही वेळा तिचं मूळ दिवसाच्या एखाद्या राहून गेलेल्या गोष्टीत होतं. घरच्या शुश्रूषेत शिकण्यासारखं जे आहे ते बहुतेक याच चार रात्रींत आहे, म्हणून बाकीचं थोडक्यात आणि हे सविस्तर.

पहिली रात्र : दुखणं

मुंबईहून येताना ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल दिलं होतं. प्रवासाच्या दगदगीनंतर तिसऱ्या रात्री कंबरेपासून मांडीपर्यंत कळा सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यातून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळालं. तासभर बरं वाटलं, पहाटे पुन्हा तेच. या जातीच्या वेदनाशामकाने मूत्रपिंडाचं काम आणखी मंदावतं आणि इथे ती आधीच बुडत होती. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही नावं एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचायला हवी होती : 'हे देऊ नका, किडनी अधू आहे'. रात्री येणाऱ्या डॉक्टरला जुने रिपोर्ट चाळायला वेळ नसतो. त्याला तो कागद दिसला पाहिजे.

पाचव्या दिवशी मॉर्फिन सुरू झालं. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या ठेवण्याची मान्यता ठरावीक रुग्णालयांनाच असते. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यावर ही पद्धत सोपी झाली, तरी प्रत्येक तालुक्याला गोळ्या मिळतातच असं नाही. पहिल्या वेळी रुग्णाला न्यावं लागलं, पुढच्या वेळी फाइल आणि ओळखपत्र घेऊन मुलगा एकटा जाऊन आला. मूत्रपिंडं ठीक असती तर मात्रा दर ४ तासांनी असती. इथे २.५ मिलिग्रॅम, सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री ११. एका गोळीचे चार तुकडे म्हणजे एक दिवस. आठवड्याने ५ मिलिग्रॅम केली, म्हणजे दिवसाला दोन गोळ्या. मधेच कळ आली तर एक जादा मात्रा, आणि ती दिल्याची वेळ वहीत. अंग पुसण्याआधी, कूस बदलून पाठ धुण्याआधी अर्धा तास ती जादा मात्रा दिली की आई ओरडत नसे. रात्री १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलीन होती, मांडीत वीज गेल्यासारखी जी कळ येते तिच्यासाठी.

तुकडे करताना दोन गोष्टी कळल्या. सुरीने गोळी भुगा होते. औषधाच्या दुकानात गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती घ्यावी. आणि आषाढातल्या दमट हवेत कापलेले तुकडे दोन दिवसांत ओलावतात, म्हणून एका दिवसाचेच कापावेत आणि उरलेली पट्टी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. साठा १४ दिवसांचा मिळायचा. त्यातले चार दिवस उरले की निघायचं असं ठरवलं, कारण एकदा झाड पडून रस्ता दीड दिवस बंद होता.

भावाने फोनवर विचारलं, "ती नशेची गोळी ना? ती दिली म्हणजे संपलं ना?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. दुखण्याच्या मापाने दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही आणि मरणही लवकर येत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी असते, मळमळ असते, मग दोन्ही उतरतात. दहाव्या दिवशी आई ओटीवर बसून पाऊस बघत होती आणि लावणीला किती माणसं लागली ते विचारत होती.

दुसरी रात्र : पोट

मॉर्फिनबरोबर जुलाबाची गोळी लिहून दिली होती. बिसाकोडिल ५ मिलिग्रॅमच्या दोन, रोज रात्री. मुलाने ती तिसऱ्या दिवशी बंद केली. त्याचं म्हणणं साधं होतं : ती खातेच काय, मग होणार काय? पण आतड्यांत मळ अन्नापासूनच होतो असं नाही, न खाणाऱ्या माणसालाही तो धरतो. आणि मॉर्फिन आतड्याची हालचाल मंद करतं. गुंगी, मळमळ शरीराच्या सवयीची होते, बद्धकोष्ठाची सवय मात्र कधीच होत नाही. मॉर्फिन आहे तोवर जुलाबाची गोळी आहे, यात सूट नाही.

अकराव्या रात्री आई तळमळायला लागली. उठवा, निजवा, पुन्हा उठवा. मॉर्फिनच्या दोन जादा मात्रा झाल्या आणि तळमळ वाढली. शेजारचे म्हणाले जीव कशात तरी अडकलाय. सकाळी उपकेंद्राच्या सिस्टरनी तपासलं तर गुदद्वारात दगडासारखा मळ. शौचाला होऊन सात दिवस झाले होते, पण ते कुणी मोजलंच नव्हतं. ग्लिसरीनची वात, मग एनिमा, आणि दुपारी आई चार तास झोपली. त्यानंतर वहीत 'शौच' असा रकाना आला. तीन दिवस कोरा राहिला की चौथ्या दिवशी वात, वाट पाहायची नाही.

मुलगा, आई आणि लाज

तिच्या अंगावरून जायचं. वास यायचा. हे ती पहिले आठ दिवस लपवत होती. फडकी उशीखाली सारायची. मुलाला वास येत होता, पण विचारणार कसं? अखेर गावातल्या आशाताईंनी (आरोग्य स्वयंसेविका) बहिणीला फोन लावला आणि बहीण चार दिवस येऊन राहिली. मेट्रोनिडाझोल सुरू केल्यावर वास आठवड्यात बराच कमी झाला, कारण हा वास गाठीच्या सडलेल्या भागात वाढणाऱ्या जंतूंचा असतो. खाटेखाली रुंद ताटलीत कोळशाचे तुकडे ठेवले, तेही कामाला आलं. उदबत्तीचा उपयोग नाही; दोन वास एकत्र होऊन मळमळ वाढते.

बहीण गेल्यावर काय? आईला मुलाच्या हातून धुऊन घेणं नको होतं आणि मुलालाही ते जमेल असं वाटत नव्हतं. इथे पद्धत ठरवावी लागली. सकाळचं मोठं काम वाडीतल्या एका वहिनी करणार, तासाभराचे रोजचे पैसे ठरवून. नात्यावर सोडलेलं काम आठ दिवस चालतं, ठरवलेलं शेवटपर्यंत चालतं. संध्याकाळी आणि रात्री मुलगा. गाऊन पाठीकडून उघडे शिवून घेतले. कमरेखाली कायम चादर. चादरीखालून हात जातो, नजर जात नाही. आई कुशीवर, तोंड भिंतीकडे. हातात बळ होतं तोवर पुढचं ती स्वतः पुसायची, मुलगा फक्त तांब्या आणि ओलं फडकं द्यायचा. काय करतोय ते तो आधी सांगायचा : "आई, आता कूस बदलतो." तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोघांचाही संकोच सैल झाला. चौथ्या आठवड्यात तिने स्वतःच त्याला हाक मारून सांगितलं की फडकं बदल.

फडक्यांचं गणित पावसाळ्यात फसतं. दिवसाला आठ-दहा फडकी लागतात आणि वाळत एकही नाही. चुलीवरच्या काठ्यांवर टाकली तर धुराचा वास. म्हणून दिवसा फडकी आणि रात्री डायपर, दिवसाला दोन, असं ठरलं. दोन आठवड्यांचे एकदम आणले. दोन गडद लाल टॉवेलही खाटेजवळ ठेवले होते. या आजारात कधी एकदम भरपूर रक्त जातं. पांढऱ्या कापडावर ते दुप्पट दिसतं आणि पाहणाऱ्याचं अवसान जातं. सुदैवाने ती वेळ आली नाही, एकदा थोडं जास्त गेलं ते ट्रॅनेक्झामिक ॲसिडने आटोक्यात आलं.

पाठ जपण्याबद्दल एवढंच. हवेची गादी आणली होती, ती पंपावर चालते. दुसऱ्याच आठवड्यात रात्री लाईट गेली, गादी हळूहळू बसली आणि पहाटे आई फळ्यांवर निजलेली होती. माकडहाडावर लाल डाग. त्यानंतर गादीखाली चार इंची फोम कायम. दर दोन तासांनी कूस, पाठीशी उशी लावून अर्धवट कुशीवर. लाल जागा चोळायची नाही, चोळल्याने आतली कातडी फाटते. ओढायचं नाही, उचलायचं. त्यासाठी आईचंच जुनं नऊवारी चौपदरी घडी करून कमरेखाली घातलं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवलं. खाटेच्या पायांखाली एकेक चिरा दिला, म्हणजे उंची मुलाच्या कमरेएवढी आली. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर त्याची पाठ धरली नसती.

तिसरी रात्र : पेज आणि सलाईन

आई जेवण सोडायला लागली की घरात सगळ्यात मोठी वेदना सुरू होते, आणि ती आईची नसते. या घरात ती पंधराव्या दिवसापासून दिसत होती. आधी भात नको झाला, मग पेजही दोन घास. मुलगा वाटी घेऊन तासतासभर बसायचा. "आये, एवढी घे. मी केलीय." ती त्याच्यासाठी घ्यायची आणि थोड्या वेळाने उलटून टाकायची. दोनदा ठसका लागला.

एकोणिसाव्या संध्याकाळी भावाचा फोन आला : काहीच जात नाही तर सलाईन का नाही लावत? उपाशी मारणार का? रात्री घरी येऊन सलाईन लावणारा मिळाला. दोन बाटल्या गेल्या. सकाळी पाय सुजले, हात सुजला, छातीत घरघर. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नव्हती. आत गेलेलं पाणी जाणार कुठे? ते कातडीखाली आणि फुप्फुसात साठलं. घरघर ओसरायला तीन दिवस लागले.

सलाईनमध्ये काय असतं ते भावाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. अन्न शून्य. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे. त्याने कुणी उभं राहत नाही. आणि मूळ गोष्ट ही, की माणूस खात नाही म्हणून जात नसतो. आजार शेवटाकडे गेला म्हणून त्याची भूक जाते. पचवण्याची ताकदच शरीर काढून घेतं. हे वाक्य मुलाला चार वेळा, चार वेगळ्या दिवशी सांगावं लागलं, आणि ते सांगत राहावंच लागतं, कारण रिकामी वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेताना ते टिकत नाही.

मग हातांना काम काय द्यायचं? तोंडाची निगा. दर दोन तासांनी चमचाभर पाणी, नाहीतर कोकमाच्या पाण्यात बुडवलेलं मऊ फडकं जिभेवरून, ओठांना खोबरेल. दातांची कवळी काढून ठेवली. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला होता, ती बुरशी. क्लोट्रिमाझोलचे थेंब लावल्यावर पाच दिवसांत गेली आणि आई पुन्हा चव सांगायला लागली. तिला शहाळ्याचं पाणी हवं होतं. किडनीच्या रुग्णाला शहाळं देत नाहीत हे खरं, पण शेवटच्या दोन आठवड्यांत दोन चमच्यांनी बिघडेल असं काही उरलेलं नसतं. दिलं. रक्तदाबाची, कॅल्शियमची, कोलेस्टेरॉलची गोळी त्याच सुमारास बंद केली. ज्या गोळीचा फायदा पुढच्या वर्षांसाठी असतो ती आता गिळायची कशाला?

भावंडं

भाऊ वाईट नव्हता. लांब होता. लांबच्या माणसाला रोजचं उतरणं दिसत नाही, म्हणून त्याला प्रत्येक बातमी अचानक वाटते आणि त्याचं प्रेम 'ॲडमिट करा' या दोन शब्दांतून बाहेर पडतं. सलाईनच्या रात्रीनंतर एक नियम केला. दर रविवारी रात्री नऊला तिन्ही भावंडं एका फोनवर, आणि डॉक्टरांचं म्हणणं मुलाने नाही, सिस्टरनी सांगायचं. सगळ्यांच्या कानावर तेच शब्द, एकाच वेळी.

त्या फोनवर चार गोष्टी ठरल्या. आईला कुठेही हलवायचं नाही. रात्री काही झालं तर आधी सिस्टरना, मग डॉक्टरांना फोन, १०८ला नाही. १०८ची सेवा जीव वाचवण्यासाठी आहे. आलेली माणसं ऑक्सिजन लावणार, सुई लावणार आणि रुग्णालयाकडे निघणार, तेच त्यांचं काम. घरी राहायचं ठरलं असेल तर ती गाडी बोलवायची की नाही हे शांत डोक्याने आधी ठरवावं लागतं. तिसरं, बहीण महिन्यातून दहा रात्री येणार. चौथं, भावाने 'गंभीर झालं की येतो' म्हणायचं नाही; कळवलं की निघायचं. जुलैत मुंबईहून येणाऱ्या रस्त्यावरचा परशुराम घाट कधी अडेल सांगता येत नाही, रेल्वेगाड्याही पावसाळी वेळापत्रकाने सावकाश धावतात. म्हणून मुंबईच्या माणसाला 'तब्येत बरी नाही' असं कळवू नये. 'या आठवड्यात या' किंवा 'आज निघा' असं स्पष्ट कळवावं.

आईला खरं सांगायचं नाही असा भावाचा आग्रह होता. आईने मुलाला केव्हाच सांगून ठेवलं होतं की ट्रंकेतलं हिरवं लुगडं नेसवा आणि गाय बहिणीकडे द्या. तिला माहीत होतं. ती मुलांना सांभाळत होती. भाऊ आल्यावर सिस्टरनी तिला एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, आजार कुठवर आलाय?" ती म्हणाली, "गणपतीपर्यंत नाही." त्यानंतर लपवण्याचं ओझं घरातून उतरलं.

शुद्धीत असलेल्या माणसाचा नकार हाच पुरेसा असतो. तो डॉक्टरांनी फाइलमध्ये तिच्याच शब्दांत लिहून घेतला. शुद्ध गेल्यावरचं आधी लिहून ठेवायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८च्या निकालाने त्याला मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. हे आजाराच्या सुरुवातीला करायचं काम आहे.

तसंच सातबाऱ्याचं. तिसऱ्या आठवड्यात चुलत घरातून सूचना आली की अंगठा घेऊन ठेवा. घेतला नाही ते बरं झालं. मॉर्फिनच्या गुंगीतला अंगठा पुढे कोर्टात भावाला भावासमोर उभा करतो. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. पण ते माणूस बसून स्वतः बोलतोय तेव्हा व्हावं. इथे मुलाने फक्त बँकेतलं वारसाचं (नॉमिनीचं) नाव तपासून घेतलं आणि आधार कार्डावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळतं का ते पाहिलं.

चौथी रात्र : झटके

तेहेतिसाव्या रात्री आईचे हात झोपेत दचकल्यासारखे उडायला लागले. दर मिनिटाला. डोळे उघडून ती खळ्याकडे बघत नवऱ्याशी बोलत होती. तो जाऊन बारा वर्षं झाली. मुलाला फिट वाटली. दिवसभरात लघवी जेमतेम पेलाभर झाली होती, हे त्याला दिसलं होतं पण सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. तीच खूण होती. मॉर्फिन शरीरात मोडल्यावर जे उरतं ते लघवीवाटे जातं. लघवी थांबली की ते साठतं आणि झटके, भास, गुंगी सुरू होते. लघवीची नळी घालून उपयोग नव्हता, कारण अडथळा मूत्राशयाच्या वर होता.

डॉक्टरांनी फोनवर मात्रा पुन्हा २.५ केली, तीही दर ८ तासांनी, आणि रात्री हॅलोपेरिडॉल अर्धा मिलिग्रॅम. दुसऱ्या संध्याकाळी झटके जवळपास थांबले. भास राहिले, पण ते तिला त्रास देत नव्हते. नवरा आलाय म्हणते तर त्याला खोडून काढायचं नाही, "बसा म्हण त्यांना" एवढं पुरतं. मंद दिवा, ओळखीचा आवाज, खोलीत एका वेळी दोनच माणसं.

वाडीतल्या जाणत्यांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं सुचवलं. घातलं. औषध न थांबवता जे मनाला धीर देतं त्याला आडवं जाऊ नये. देवाला सांगून आल्यावर त्या रात्री मुलगा पहिल्यांदा सलग पाच तास झोपला, आणि ते फार गरजेचं होतं. त्याचं वजन महिन्यात चार किलो उतरलं होतं, रक्तदाब १६०/१०० निघाला आणि तोवर तो कुणी मोजलाच नव्हता. एकदा तो आईवर ओरडला होता, रात्रीच्या चौथ्या हाकेला. तो प्रसंग त्याने तीन वेळा सांगितला. झोप तुटलेला माणूस ओरडतो. रात्रपाळीला दुसरं माणूस आणणं हा त्यावरचा इलाज, आणि तो दुसऱ्या आठवड्यातच व्हायला हवा होता.

शेवटचे तीन दिवस

भावाला छत्तिसाव्या दिवशी 'आज निघा' कळवलं. तो सदतिसाव्या दुपारी पोचला. अडतिसाव्या दिवशी गिळणं थांबलं. गोळीचा तुकडा चमच्यात कुटून पाण्याच्या काही थेंबांत कालवून गालाच्या आत सोडायचा. साधी गोळी अशी चालते, सावकाश विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी कधीही कुटायची नाही. घशात घरघर सुरू झाली. ऐकणाऱ्याला ती गुदमरल्यासारखी वाटते, पण रुग्णाला तिची जाणीव नसते. कुशीवर वळवलं, डोकं किंचित उंच, सिस्टरनी हायोसिनचं इंजेक्शन कातडीखाली दिलं. सक्शन, म्हणजे नळीने घशातला कफ ओढणं, नाही. टेबलपंखा चेहऱ्याच्या दिशेने हळू. लाईट गेली की हातपंखा. कूस आता दोन तासांनी नाही, चार तासांनी.

काय होत जाईल ते सिस्टरनी तिघांना आधी सांगून ठेवलं होतं, ओटीवर, चहा घेताना. पाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर नक्षी उमटेल. श्वास भरभर होईल, मग थांबेल, वीस-तीस सेकंदांनी पुन्हा येईल. शेवटी येणार नाही. कान शेवटपर्यंत ऐकत असावेत असं धरून बोलत राहा. हे आधी ऐकलेलं असलं की श्वास थांबला तेव्हा कुणी धावपळ करत नाही.

एकेचाळिसाव्या पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तसं झालं. बहिणीचा हात आईच्या हातात होता, मुलगा ओठांना पाणी लावत होता, भाऊ पायांशी. मुलाने वहीत वेळ लिहिली. सातला डॉक्टर आले. घरी झालेल्या मृत्यूत, शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये देतात. तो आणि आधार कार्ड घेऊन ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची. तीस दिवस उलटले की परवानगी, कागदपत्रं अशी फरफट सुरू होते.

लाकडांचं आधी कुणी बोलत नाही, अभद्र वाटतं. श्रावणातल्या पावसात ओली लाकडं पेटत नाहीत आणि मुलांना ते दृश्य जन्मभर पुरतं. इथे वाडीतल्या एका काकांनी महिनाभर आधीच न बोलता मांगरात सुकी लाकडं रचून ठेवली होती. घरच्यांनी विचारू नये आणि शेजाऱ्यांनी विसरू नये असं ते काम आहे.

नंतर

मॉर्फिनच्या १७ गोळ्या उरल्या होत्या. त्या मोजून, वहीत लिहून रुग्णालयात परत दिल्या. घरात ठेवायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत. तेराव्यानंतर भाऊ गेला. घर एकदम मोकळं झालं.

तीन आठवड्यांनी सिस्टर पुन्हा गेल्या. मुलगा अजून रात्री दोनला जागा होत होता, कूस बदलायच्या वेळेला. उठून खाटेच्या जागेशी जाऊन यायचा. हे काही आठवडे चालतं. दोन-तीन महिन्यांनीही झोप, जेवण, काम सुरू झालं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं असं ठरलं. रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू झाली होती. सलाईनच्या रात्रीबद्दल त्याने पुन्हा विचारलं, की त्यामुळे लवकर गेली का. नाही. त्याने तीन दिवस त्रास वाढला, आयुष्य त्याने ठरलं नाही, आणि ती लावली ती तिघांच्या काळजीपोटी. हे त्याला तसंच सांगितलं, त्रास झाला हा भाग न गाळता.

हवेची गादी त्याने धुऊन, ओटीवर वाळवून ठेवली होती. खालच्या वाडीत एका घरी म्हाताऱ्या अंथरुणाला होत्या, तिथे ती त्याच आठवड्यात गेली. फोमसकट.